मिशावालं गांडूळ

लेक विहिरीत उतरला की रहाटाचा दोर थोरलीच्या हातात. तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, हा तिचा कायदा. पासष्टी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण मनगटं अजून बाभळीच्या लाकडाची. सून एकदा म्हणाली होती, "आई, मी धरते की दोर." थोरलीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "धर हो. पण तुझा नवरा खाली नसताना धर." सुनेनं पुन्हा तो विषय काढला नाही.

यंदा पाऊस अर्ध्यावरच उठून गेला होता आणि ऊन वेळेआधी येऊन बसलं होतं. विहिरीत पाणी राहिलं होतं गुडघाभर. वर मिरचीच्या रोपांचे चाळीस वाफे. रोपं करायची आणि विकायची, हाच या घराचा धंदा. वाफ्याला सकाळी दोन झाऱ्या, संध्याकाळी दोन. एक वेळ चुकली तर रोप मान टाकतं, दोन वेळा चुकली तर रोपाला काय, रोपवाल्यालाही मान वर करता येत नाही. रोपं विकण्याजोगी व्हायला अजून तीन आठवडे होते. पाणी तेवढं पुरणार नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

म्हणून लेक रोज सकाळी तळ खोदत होता. पहारीनं गाळ मोकळा करायचा, घमेल्यात भरायचा, आणि थोरलीनं वर ओढायचा.

हा गाळ फेकायचा नाही, अशी या घराची रीत. चार खुंटांना जुनी चादर झोळीसारखी बांधायची, तिच्यात गाळ ओतायचा, वर तांब्याभर पाणी मारून हातानं घोळायचा. लोण्यासारखा बारीक गाळ खालच्या खड्ड्यात झिरपतो; तो नव्या वाफ्यांना. चादरीत खडे, मुळ्या, गांडुळं उरतात. खडे वाटेवर, गांडुळं कोंबड्यांना. थोरली लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला ही रीत दाखवली होती, आणि तिनं सुनेला. चादर बदलायची, रीत नाही.

त्या दिवशी सुनेनं चादर झटकली आणि ओंजळभर वळवळ कोंबड्यांकडे नेऊ लागली.

"थांब गं," थोरली म्हणाली. "हात उघड."

"गांडुळंच आहेत, आई."

"हात उघड म्हटलं ना? हात उघडायला काय मुहूर्त बघायचाय?"

सुनेनं हात पुढं केला. चार गांडुळं गुमान पडली होती. पाचवं मात्र उसळत होतं. करंगळीपेक्षा बारीक, बोटभर लांब, सोललेल्या बोटासारखं लालसर. थोरलीनं ते चिमटीत धरायला पाहिलं तर सुळकन निसटलं. चिखलात पडलं, पुन्हा उसळलं. तिनं उकिडवं बसून नाक जवळ नेलं.

"गांडुळाला मिशा कधीपासून यायला लागल्या?"

"काहीतरीच काय, आई!"

"मग तू मोज. इकडं, इकडं, खाली पण. तुझ्या बापाला नव्हत्या एवढ्या आहेत."

सून हसायचं की रागवायचं ते न ठरवता वाकली. खरंच मिशा होत्या. तोंड होतं, आणि ते उघडत होतं, मिटत होतं. थोरलीनं आधी स्टीलचं पातेलं मागवलं. त्यात विहिरीचंच पाणी घातलं आणि त्या जिवाला आत सोडलं. पाण्यात पडल्याबरोबर त्याचं गांडूळपण गेलं. पोटाखालून शेपटीपर्यंत एक पातळ झालर होती, ती लहरू लागली, आणि तो कडेकडेनं चालता झाला. मिशांनी पातेल्याची भिंत चाचपत, पावलापावलानं, जसं माणूस अनोळखी घरात वीज गेल्यावर चालतं.

"मासा आहे," सून म्हणाली.

"मासा तो मासा. पण डोळे कुठं ठेवून आला?"

डोळ्यांच्या जागी नुसती कातडी होती. खळगासुद्धा नाही, जसं काही तिथं कधी काही बसवायचंच नव्हतं.

"ए आई!" विहिरीतून लेक ओरडला. "घमेलं भरलंय! मेलीस का काय वर?"

"मेले असते तर दोर सुटला असता, मग तुला कळलं असतं!" थोरलीनं खाली ओरडून सांगितलं आणि दोराला हात घातला. पण नजर पातेल्यावरच होती. दगडी विहीर. वर कमरेएवढा कठडा. जवळ ना नदी ना ओढा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं माणसं म्हणतात. मग पोहऱ्यात आला तर आडात असणार. आणि आडात आला कुठून?

लेक वर आला, अंग पुसता पुसता त्यानंही पातेल्यात डोकावलं. "तळ्यातल्या मागुराला असतात तशा मिशा आहेत," तो म्हणाला. "पण मागूर एवढा बारीक नसतो. आणि आंधळा तर नाहीच."

"कुठं सापडला तुला?"

"मला कशाला सापडेल? मी गाळ भरतो. उत्तरेच्या अंगाची कपार मोकळी झालीय आज, डोकं जाईल एवढी; गाळ उपसला की दर उन्हाळ्यात होते. तिथं गाळ मऊ होता. तिथलंच घमेलं असणार."

"कपारीत पाणी आहे?"

"झिरपतंय. वरचा अर्धा भाग कोरडा. वारा येतो आतून."

"वारा?" थोरली म्हणाली. "जमिनीच्या पोटातून वारा?"

"गार लागतो हाताला. म्हणून सांगितलं."

दिवसभर थोरली त्या पातेल्याभोवती फिरत राहिली. तळहाताची सावली धरली. माशाला फरक नाही. पातेल्याच्या काठावर नखानं टिचकी मारली. मासा दचकून मागच्या मागे सरकला, तोंड न वळवता. गांडुळाचा तुकडा टाकला तर त्याच्या शेजारून दोनदा गेला, तिसऱ्यांदा एका मिशीचं टोक लागलं आणि गटकन गिळला. "न बघता जेवतो," थोरली म्हणाली, "माझ्या लेकासारखा."

सून वाफ्यांवर झारी धरून उभी होती. झारी संपली तशी हळूच म्हणाली, "आई, रागवू नका. असली लाल गांडुळं दर उन्हाळ्यात निघतात. दोनचार तरी. मी कोंबड्यांनाच टाकते."

थोरली तिच्यावर तोंड टाकणारच होती. शब्द ओठांवर आला होता, चांगला धारदार. मग तिला आठवलं की सुनेच्या आधी चादर पंचवीस वर्षं तिच्याच हातात होती. तीही टाकत आली होती. जे जग खालून वर तिच्या दारात दरवर्षी येत होतं ते तिनं दरवर्षी कोंबड्यांना घातलं होतं आणि वर अंडी गोड लागतात म्हणून मिरवलं होतं.

"कोंबड्यांना कळलं असेल," ती म्हणाली. "आपल्याला नाही कळलं."

संध्याकाळी सुरुंगवाला विहीर बघायला आला. दगड फोडायचं यंत्र टेम्पोत घालून गावोगाव फिरणारा माणूस. कानानं जरा कमी, म्हणून बोलायचा मोठ्यानं. त्यानं कठड्यावरून वाकून पाहिलं, खडा टाकून खोली मोजली.

"तीन भोकं पुरतील, मावशी. शुक्रवारी उडवू. तळ फुटला की झरा मोकळा."

"शुक्रवारी? तू गुरुवार म्हणाला होतास."

"गुरुवारी खालची विहीर आहे. धाकट्या बाईंची. त्यांनी आधी सांगितलं."

थोरलीचा चेहरा दगड झाला. सून झारी घेऊन उगाचच दूरच्या वाफ्याकडे निघून गेली.

अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा दिरानं शंभर पावलं खाली, उतारावर, आपली विहीर खणली. तिला पाणी लागलं त्याच महिन्यात थोरलीची विहीर हातभर उतरली. थोरली दिराच्या कुंपणाशी उभी राहून चारचौघांत म्हणाली होती, हे माझंच पाणी आहे, चोरलंय. दिरानं पाणाड्या बोलावला. तो पाणी शोधायची दुबेळक्याची काठी धरून दोन्ही रानं फिरला आणि त्यानं सांगितलं, झरे दोन आहेत, एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. लोक हसले. "थोरलीला जमिनीखालचंही दिसतं!" हे गावात वर्षभर चाललं. त्या दिवसापासून धाकट्या जावेशी बोलणं बंद. दीर गेला तेव्हा थोरली अंगणापर्यंत गेली, उभी राहिली, आणि न बोलता परत आली. तीन वर्षं झाली त्याला.

"आणि झरा एकच असला तर?" तिनं सुरुंगवाल्याला विचारलं.

"काय?"

"झरा! एकच असला तर!"

"दोन आहेत ना? सगळे तेच सांगतात."

"तुला विचारलं ते सांग."

त्यानं कान खाजवला. "एक असला तर मावशी, हा असला छिद्राछिद्राचा तांबडा दगड. आतून मुंग्यांच्या वारुळासारखा. खालचा तळ फुटला की तुमचं पाणी उतरून तिकडं जाणार. नाहीतर कपारच ढासळणार आणि दोघींचंही बंद. मी दगड फोडतो. पाण्याला मी बांधील नाही."

तो गेला. थोरली पातेल्याशी येऊन बसली. मासा भिंत चाचपत फिरत होता. ज्या अर्थी हा आहे त्या अर्थी वाट आहे. ज्या अर्थी वाट आहे त्या अर्थी अकरा वर्षं ती खरं बोलत होती. तिला बरं वाटलं. आणि मग लगेच वाटलं नाही. कारण खरं असेल तर गुरुवारी सकाळी तिचे चाळीस वाफे गेले. आणि ते थांबवायला एकच बाई समर्थ होती.

बुधवारी सकाळी पहिल्या झाऱ्या झाल्यावर तिनं पातेल्यावर ओला कपडा टाकला आणि निघाली. शंभर पावलं, पण ती वाटेत दोनदा थांबली. कुंपणाशी कुत्रं तिच्यावर भुंकलं, परक्यावर भुंकतात तसं. तिच्याच कुत्रीच्या वंशातलं होतं ते.

धाकटी वाफ्यांत होती. पदर खोचलेला, दोन्ही हातांत झाऱ्या. तिचे तीस वाफे. तिनं थोरलीला पाहिलं, पण झारी खाली ठेवली नाही.

"वाटेतून जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "पाणी सांडेल."

अकरा वर्षांनी पहिलं वाक्य ते. थोरली बाजूला झाली.  धाकटीनं वाफा संपवला, दुसरा सुरू केला, तोही संपवला. ऊन चढत होतं. थोरलीच्या हातातलं पातेलं जड नव्हतं, पण मनगट भरून आलं.

"बोला," धाकटी शेवटी म्हणाली.

"हे बघ." थोरलीनं कपडा काढला.

धाकटी वाकली. "गांडूळ दाखवायला आलात?"

"नीट बघ. मिशा बघ."

धाकटीनं पाहिलं. मग झारी खाली ठेवली. मग उकिडवी बसली. बोट पाण्यात घातलं; मासा तिच्या नखापर्यंत आला, मिशीनं नख चाचपलं आणि वळून गेला.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे तर आमच्याकडेही निघतात. कोंबड्या अगदी झडप घालतात."

"तूही कोंबड्यांना?"

"सासूबाईंनी तेच शिकवलं ना. तुम्हाला वेगळं शिकवलं होतं का?"

दोघी क्षणभर सासूच्या बाबतीत एकमताच्या झाल्या. तेवढ्यात थोरलीनं घाई केली. "म्हणजे पाणी एकच आहे. वाट आहे आतून. उद्या सुरुंग उडवू नकोस."

धाकटी उठून उभी राहिली. "असं होय. म्हणजे मासा माझ्यासाठी नाही, सुरुंगासाठी आणलात."

"अगं, पाणी जाईल माझं!"

"आणि नाही उडवला तर माझं आटेल. माझ्या तीस वाफ्यांना काय मासा पाणी घालणार आहे?" तिनं पातेल्याकडे हनुवटी केली. "आणि आंधळे मासे तुमच्यात निघाले, माझ्यात निघाले. उद्या दहा विहिरींत निघतील. कावळे तुमच्या झाडावर बसतात, माझ्या झाडावर बसतात, म्हणून झाड एक झालं का?"

हे बोलणं रास्त होतं. थोरलीला रास्त बोलणं नेहमीच फार लागायचं.

"अकरा वर्षांपूर्वी मी खरं बोलत होते," ती म्हणाली.

"खरं बोलत असाल. पण किती वाईट बोलत होतात, ते आठवतंय का?"

थोरलीनं पातेल्यावर पुन्हा कपडा टाकला. चुलीवरचं भांडं खाली उतरवतात तशी धाकटीची नजर हळूच तिच्यावरून उतरून विहिरीकडे गेली.  मग ती विचित्र आवाजात म्हणाली, "तुमची कपार कोणत्या अंगाला आहे?"

"उत्तरेच्या."

"माझी दक्षिणेच्या. दोन्ही तोंडं समोरासमोर." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "असं करा. तुम्ही तुमच्या विहिरीत उतरा. कपारीत तोंड घालून बोला. लेकाला नाही पाठवायचं, तुम्ही स्वतः. मी माझ्यात उतरते. मला तुमचं ऐकू आलं तर सुरुंग नाही."

"मी? विहिरीत? या वयात?"

"मग राहू द्या," धाकटी म्हणाली आणि झारी उचलली.

थोरली घरी आली ती लेकाला पाळणा बांधायला सांगतच. जुन्या फळीला चार दोऱ्या, तो पाळणा. लेक म्हणाला, आई, डोकं फिरलं का तुझं. सून म्हणाली, आई, गुडघे. थोरलीनं दोघांना एकाच उत्तरात बसवलं: "चाळीस वर्षं मी माणसं खाली सोडली, वर काढली. खाली काय आहे ते मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही सगळे येऊन सांगता काय, तर गाळ आहे!" खरं तर सुरुंगापेक्षाही आता तिला ती कपार बघायची होती. पातेल्यातल्या माशानं तिचं डोकं पोखरलं होतं.

दोर लेकाच्या हातात दिला तेव्हा मात्र तिनं त्याची पकड दोनदा तपासली. "सैल सोडलास तर वर येऊन कानफटात मारीन."

पाळणा उतरू लागला. माथ्यावरचं ऊन आधी पिवळं झालं, मग हिरवट, मग नुसता उजेड उरला. भिंतीतून पाण्याचा, लोखंडाचा, जुन्या भांड्याचा वास येत होता. चाळीस वर्षं जिचं पाणी प्यायलं ती विहीर आतून अशी असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं: भिंतीला लहान लहान भोकं, प्रत्येक भोकाच्या तोंडाशी पाण्याचा एकेक मणी. पाय पाण्यात टेकले तेव्हा ती शहारली. एवढं गार!

पातेलं तिच्या मांडीत होतं. एका हातानं बॅटरी लावून तिनं कपार शोधली. गुडघ्याच्या उंचीला, आडवी, म्हशीच्या तोंडाएवढी. खालच्या अर्ध्यात पाणी, वरच्या अर्ध्यात काळोख. तळहात धरला. लेक खोटं बोलला नव्हता. आतून वारा येत होता, गार, एकसारखा.

तिनं पातेलं पाण्यात टेकवून तिरकं केलं. मासा आधी काठाशीच थांबला. मग मिशा बाहेर आल्या, मग तोंड, मग सगळा. पातेल्यात तो चाचपत चालायचा. इथं चाचपला नाही. सरळ कपारीत गेला, झालर हलवत, बॅटरीच्या उजेडात लाल रेघ ओढावी तसा. थोरलीनं बॅटरी आत धरली. दगडाच्या आत दगड, भोकाच्या आत भोक, आणि पाणी काचेसारखं. आणखी दोन होते तिथं. तिघे एका भोकात शिरले आणि दिसेनासे झाले. त्यांना वाट दिसत नव्हती. त्यांना वाट माहीत होती.

ती किती वेळ बघत राहिली कोण जाणे. वरून लेकाची हाक आली, "आई! झालं का?" तेव्हा भानावर आली. कपारीशी तोंड नेलं. काय बोलायचं ते ठरवून आली होती: पाणी एक आहे, सुरुंग नको. पण काळोखाला तोंड लावल्यावर भलतंच बाहेर पडलं.

"धाकटे! ऐकतेस का गं? नेहमीसारखी बहिऱ्याचं सोंग घेऊन बसलीयस?"

आवाज आत गेला. मधमाशीसारखा दगडात घुमला आणि विरला. थोरली कान लावून बसली. एक पाण्याचा थेंब. आणखी एक. तिला वाटलं, संपलं. पाणाड्या खरा होता.

मग कपारीतून, जवळून, अगदी कानाशी बोलल्यासारखं आलं: "बहिरी असते तर सुखी असते! अकरा वर्षं ऐकतेय मी तुम्हाला!"

थोरलीनं बॅटरी कपारीत रोखली.

"काय म्हणालीस?"

"दर उन्हाळ्यात," धाकटीचा आवाज आला. तिलाही धाप लागली होती. तीही फळीवर लटकली असणार. "पाणी उतरलं की विहिरीतून कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. रहाट कुरकुरायचा. कुणीतरी शिव्या द्यायचं. मी कुणाला सांगितलं नाही. विहीर बोलते म्हटलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. घमेलं भरलं का नाही, मेलास का काय खाली... ते तुम्हीच होय?"

"मग दुसरं कोण?"

"हेच बघायला तुम्हाला उतरवलं."

थोरलीला हसू फुटलं. ते कपारीत गेलं आणि पलीकडून दुप्पट होऊन आलं, कारण पलीकडेही हसत होतं.

"एवढं खाली उतरवलंस मला? वर विचारता येत नव्हतं?"

"वर तुम्ही कुठं बोलत होतात?" धाकटी म्हणाली.  "हे गेल्यावर, पहिल्या उन्हाळ्यात, घरात कुणी बोलायला नव्हतं. लेक दिवसभर रानात. मी मुद्दाम कठड्याशी जाऊन बसायची. शिव्या का होईना, माणसाचा आवाज."

 थोरली वर असती तर तिनं काहीतरी तोडून टाकलं असतं. इथं तोंड बघायला कुणी नव्हतं. "अंगणात आले होते मी," ती म्हणाली. "त्या दिवशी."

"पाहिलं होतं."

"आत यायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं," धाकटी म्हणाली. गोड नाही, कडू नाही. वाफ्याला दोन झाऱ्या लागतात हे सांगावं तसं.

मग दोघी कामाचं बोलल्या. सुरुंग कुणीच उडवायचा नाही. कपार दोन्ही तोंडांनी हातानं साफ करायची. सकाळचं पाणी धाकटीचं, संध्याकाळचं थोरलीचं. पण तेवढ्यानं सगळे वाफे जगणार नव्हते, हे दोघींना ठाऊक होतं.

"तू पंधरा सोड, मी पंधरा सोडते," थोरली म्हणाली.

"तुमचे चाळीस, माझे तीस. सारखे कसे सोडायचे? तुम्ही पंधरा, मी दहा."

"माझ्याच पाण्यावर मला हिशेब शिकवतेस?"

"एक आहे म्हणजे तुमचं आहे, असं कुठं होतं? बांध कुठून जातो ते त्या माशाला विचारा."

थोरलीनं कपारीत बॅटरी मारली. मासा नव्हता. पाणी तेवढं थरथरत होतं, कुणाच्याही बाजूनं नाही. "दहा तर दहा," ती म्हणाली. "बारा केलेस तर पुण्य लागेल."

"पुण्य तुम्हीच घ्या," पलीकडून आलं.

तिनं पंधरा वाफे सोडले ते रस्त्याकडचे. विहिरीपासून ते लांब, झारी तिथपर्यंत नेता नेता अर्धी सांडायची. शहाणपणानं तेच सोडायला हवे होते. पण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तेच दिसायचे. संध्याकाळी त्यांना पाणी मिळालं नाही, आणि गुरुवारी सकाळी ऊन वर येण्याआधीच त्यांनी माना टाकल्या. जाणारा येणारा विचारू लागला, "थोरले, रोपं जळाली की!" ती म्हणायची, "डोळे शाबूत आहेत तुझे, बरं झालं." सून तोंड फिरवून हसायची आणि मग त्या वाफ्यांकडे पाहून हसू गिळायची.

सुरुंगवाला यंत्र घेऊन आला. दोन्ही विहिरींवरून दोन बायकांनी त्याला एकदमच नको म्हटलं. तो गोंधळून दोघींकडे आळीपाळीनं पाहत राहिला. "बरं," तो म्हणाला, "मग मी पुढं होतो. वळणावर गवंड्याची विहीर आहे, तोही मागं लागलाय," आणि टेम्पो उताराला लागला.

थोरली कठड्याशी बसली. आज सकाळ धाकटीची होती. तिला बघायचं होतं. भिंतीवर लेकानं कोळशानं एक रेघ मारून ठेवली होती, पाण्याच्या बरोबरीनं. खालून धाकटीच्या रहाटाचा आवाज येऊ लागला आणि हळूहळू, कुणी बादली न टाकता, थोरलीच्या विहिरीतलं पाणी रेघेखाली उतरू लागलं. बोटभर. दीड बोट. ती बघत राहिली. आपलं पाणी जाताना बघून तोंडाचा पट्टा सुटायला हवा होता. त्याऐवजी तिला झोपलेल्या माणसाची छाती खाली जाते आणि मग वर येते, ते बघितल्यासारखं वाटत होतं. रहाट थांबला. आता पाणी वर येईल, ती मनात म्हणाली.

पाणी वर आलं नाही. आणखी उतरलं.

तिनं डोळे चोळले. रेघ होती तिथंच होती. पाणी दोन बोटं खाली.

"धाकटे!" तिनं कुंपणापलीकडे हाक मारली. "चोरून ओढतेस का?"

"झाऱ्या संपल्या माझ्या! हात पुसतेय मी!"

"मग पाणी का उतरतंय?"

धाकटी धावत स्वतःच्या कठड्याशी गेली, वाकली. मान वर केली तेव्हा तिचं तोंड उघडंच होतं. "माझंही उतरतंय, जाऊबाई."

दोघींनी एकाच वेळी उताराकडे पाहिलं. वळणावर गवंड्याच्या विहिरीवर मोटर धडधडत होती; तळ मोकळा करायला तो आधी पाणी उपसत होता. शेजारी टेम्पो उभा होता. सुरुंगवाला यंत्र उतरवत होता.

थोरली उठली. गुडघा कुरकुरला, तिनं ऐकलं नाही. कुंपणाशी पोचली तेव्हा धाकटीनं आजच्याच गाळातला एक मासा पातेल्यात घालून हातात घेतला होता.

"गवंडी फार भांडखोर आहे हो," धाकटी म्हणाली. "कुणाचं ऐकत नाही. तोंडाला तोंड देतो."

"मग मी कोण आहे?" थोरली म्हणाली आणि उताराला लागली.